थोरले उठत नाहीत

विहीणबाईंना,

बसल्या जागेवरून नमस्कार. उठून केला असता, पण मांडीवर पातळ गोदडी, गोदडीवर पत्र्याचा डबा आणि डब्यावर हा कागद, ही मांडणी जमवण्यात अर्धी सकाळ गेली आहे, ती आता मोडत नाही. व्याहीबुवांनाही नमस्कार सांगा, आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा. तुमच्या पायाच्या प्लास्टरची काय खबर? आत खाज सुटली तर विणायची सुई घालू नका. आमच्या दिरांनी एकदा घातली होती, मग पाय लवकर बरा झाला आणि सुईनं केलेली जखम सहा महिने पुरली. पायरीवरून पडताना तुमच्या हातात दुधाचं पातेलं होतं आणि तुम्ही पडलात पण दूध सांडलं नाही, हे मला सूनबाईनं सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पाय काय, जुळून येतो.

तुमचं पत्र पोचलं. मुलगी आणि नात सुखरूप पोचल्या म्हणता, पण दोघींच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो, मुलीच्या तळहातांना फोड आलेत, आणि नात रोज सकाळी पलंगावर उभी राहून "सोडा!" असं ओरडते, हा काय प्रकार आहे असं विचारता. पुढं लिहिता की तुमच्या त्या थंडगार घरात माझ्या पोरीला परत पाठवायला मन धजत नाही, उन्हं तापेपर्यंत तरी ठेवून घेते, आणि जमलं तर जावईबापूंनाही इकडंच कुठं चिकटवून देते. ठेवा. माझी काही हरकत नाही. मुलगी तुमची, पाय तुमचा. पण फोडांबद्दल तुमचा जो समज झालाय (तुम्ही शब्दानं म्हटलेलं नाहीत, पण "सासूबाईंच्या राज्यात" असं जे लिहिलंत ते मला कळतं, मी चौथीपर्यंत शिकलेय), तो तसाच राहू देणं बरं नाही. म्हणून त्या सकाळची हकीकत लिहिते. मास्तरांनी मला चौथीत सोडलं की मी मास्तरांना, हे आता सांगायला मास्तर उरले नाहीत, तेव्हा मजकूर इकडंतिकडं गेला तर सांभाळून घ्या.

थोरले म्हणजे आमचा ट्रॅक्टर. तुम्ही लग्नात पाहिलाय, तुमच्या साडीला त्याचं ग्रीस लागलं होतं. माझ्या सासऱ्यांनी तो घेतला तेव्हा तो नवा नव्हता, आणि आता सासरे नाहीत, आमचे हे नाहीत, तो मात्र आहे. घरात त्याच्याहून वयानं मोठी मी एकटी, म्हणून बाकी सगळे त्याला अहो-जाहो करतात. मी करत नव्हते, पण ऐकून ऐकून माझीही जीभ वळली. थोरले उठले का, थोरले आज जरा नरम दिसतात, थोरल्यांना ऑइल दिलं का, अशी भाषा आहे. उन्हाळ्यात थोरले एका हँडलात उठतात. (बटण-बिटण काही नाही. पुढच्या तोंडात लोखंडी हँडल घालायचं आणि गरगर फिरवायचं.) थंडीत मात्र त्यांचं खरं म्हाताऱ्यासारखं आहे. आधी गरम पाणी, मग पायाशी शेक, मग बराच वेळ खोकला, मग घरादाराला शिव्या खायला लावायच्या, आणि मग लहर लागली तर उठायचं.

त्यांची रात्रीची बडदास्तही तशीच. रेडिएटरमधलं पाणी गोठून तो फुटू नये म्हणून संध्याकाळी खालची तोटी उघडून सगळं पाणी काढायचं आणि तोटी बंद करायची. इंजिनातलं ऑइल काळ्या किटलीत काढून स्वयंपाकघरात शेगडीजवळ ठेवायचं, म्हणजे सकाळी ते पातळ असतं. आणि वरून गोदडी. ती गोदडी माझी होती. घरात सगळ्यात जाड गोदडी कोणाला, तर थोरल्यांना. मी दोन पातळ घेऊन झोपते आणि खोकत नाही, म्हणून माझ्याकडं कोणी बघत नाही.

तर तुमच्या पडण्याचा निरोप आला आणि सूनबाईनं त्याच घटकेला पेटी काढली. मी म्हटलं, पाय आईचा मोडलाय, तू कशाला लंगडल्यासारखी फिरतेस, उद्या सकाळच्या गाडीनं जा. आमच्याकडून गाडी दिवसाला एकच. पण त्या रात्री असा गारठा पडला की सकाळी विहिरीची बादली काठाला चिकटून बसली आणि रस्त्याला बर्फाची काच चढली. बस बंद. शेजारच्या दूधवाल्याचा टेम्पो आदल्या दिवशीच गटारात तोंड घालून पडलेला. टेकडी उतरून स्टेशन गाठायचं तर एकटे थोरलेच. ते उठले तर सूनबाई तुमच्याकडं, नाही उठले तर तुमचं पातेलं तुम्हीच सांभाळा, असा सरळ मामला होता.

आता थोरल्यांना उठवण्याबाबत आमच्या घरात दोन मतं आहेत. भाऊजींचं, म्हणजे माझ्या दिरांचं मत असं की त्यांच्याशी गोड बोलावं, खाली निखाऱ्यांचं घमेलं ठेवावं आणि घाई करू नये. (भाऊजींनी जन्मात कशाचीच घाई केली नाही, लग्नाचीसुद्धा नाही, ते राहूनच गेलं.) तुमच्या जावयांचं, म्हणजे आमच्या चिरंजीवांचं, मत असं की ताकद लावावी. दोघांचं एकमेकांशी पटत नाही, पण सूनबाईवर दोघांचाही जीव, म्हणून त्या दिवशी दोघंही एकमेकांना न सांगता मदतीला धावले. तिथंच घात झाला. जावयांनी संध्याकाळी पाणी काढून तोटी बंद केली होती. मग भाऊजी कंदील घेऊन तपासायला गेले, त्यांना तोटी बंद दिसली, त्यांना वाटलं हा पोरगा विसरला, त्यांनी ती उघडली. पाणी आलं नाही. भाऊजींनी काय समजावं? पाणी गोठलंय, सावकाश येईल. तोटी उघडी ठेवून, थोरल्यांना शुभ रात्र म्हणून निजायला आले.

सकाळी जावई उकळतं पाणी ओततायत, किटलीमागून किटली. मी इकडं पाणी तापवून तापवून घामाघूम. भाऊजी शेजारी उभे राहून कौतुकानं म्हणतायत, "पितात बघ कसे! तहानले होते." पाणी वरून आत आणि तोटीतून बाहेर. बाहेर आलं ते आधी भाऊजींच्या घमेल्यात गेलं आणि निखारे चुर्रकन विझले. मग शेडभर पसरलं, दाराबाहेर गेलं, उतारावरून उकिरड्यापर्यंत पोचलं आणि बघता बघता आरशासारखं गोठलं. तुमचे जावई हँडल घेऊन पुढं झाले ते पाय पुढं आणि डोकं मागं असे थोरल्यांच्या पोटाखाली गेले. त्यांना ओढायला भाऊजी वाकले आणि बसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. मला भाऊजी खिडकीसमोरून बसल्या बसल्या जाताना दिसले, अगदी सरळ पाठीनं, मांडीवर हात ठेवून. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं. उकिरडा आला तेव्हा थांबले.

एवढ्यावर शहाण्या माणसानं तोटी बघितली असती. तुमचे जावई बाहेर आले आणि रागानं हँडल मारायला लागले. थंड इंजिन, कोरडा रेडिएटर, ऑइल अजून माझ्या शेगडीजवळ. थोरल्यांना काय राग आला कोण जाणे, त्यांनी हँडल उलटं झटकलं. अंगठा बोटांच्या जोडीला न ठेवता हँडलाभोवती गुंडाळला की असं होतं, हे त्यांना त्यांचे वडील सांगत आले, आजोबा सांगत आले, दोघांनीही स्वतःचे अंगठे दाखवून सांगितलं. आता तेही आपल्या मुलांना दाखवतील. अंगठा टोमॅटोएवढा झाला आणि ते एका पायावर शेडभर नाचले. (नाचताना मात्र एकदाही घसरले नाहीत.)

ह्या सगळ्यात सूनबाई दारात येऊन उभी राहिली. प्रवासाचा कोट, चांगले बूट, कडेवर तुमची नात लोकरीत अशी गुंडाळलेली की नुसतं नाक दिसावं. तिनं आधी नवऱ्याकडं बघितलं, मग उकिरड्याकडं, मग थोरल्यांकडं. मला वाटलं आता रडणार. रडली असती तर मी ओरडलेच असते, शब्दही जुळवून ठेवले होते. पण विहीणबाई, तुमच्या पोरीनं चांगले बूट काढले. आमच्या ह्यांचे जुने गमबूट खुंटीखाली पडलेले असतात, त्यात कागद कोंबून ते चढवले. शेगडीतली सगळी राख घमेल्यात भरली आणि दारापासून थोरल्यांपर्यंत टाकत टाकत, पाय एकदाही न घसरता, चालत गेली. वाकली. तोटी बंद केली. एक शब्द बोलली नाही. मी चाळीस वर्षं ह्या घरात बोलत आलेय, पण एवढं कोणाला लागेल असं मला कधी बोलता आलं नाही.

मग कामं वाटली. भाऊजींना सांगितलं, नवे निखारे आणा आणि कोणाशी बोलू नका. भाऊजींनी विचारलं, थोरल्यांशीसुद्धा? ती म्हणाली, विशेषतः थोरल्यांशी. नवऱ्याकडं नात दिली, कारण तिला धरायला अंगठा लागत नाही. गरम पाणी घातलं, शेगडीजवळचं ऑइल स्वतः नेऊन ओतलं, नळीतलं डिझेल मेणासारखं घट्ट झालं होतं, तिच्यावर गरम फडकं गुंडाळलं. आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आई, तुम्ही वर बसा."

"कुठं वर?"

"सीटवर."

मी तिला माझं वय सांगितलं. ती म्हणाली, वय नको, हात हवाय. थोरल्यांना एक लिव्हर आहे. ती वर धरली की इंजिन हलकं होतं, हँडल सहज फिरतं, पण पेटत नाही. पुरेसा वेग आला की ती पटकन खाली सोडायची, म्हणजे इंजिनाचा दम कोंडतो आणि ते पेट घेतं. सगळी गंमत सोडण्याच्या क्षणात आहे. आजवर आमची माणसं हँडलही मारायची आणि लिव्हरकडंही स्वतःच धावायची, कारण दुसऱ्याच्या हातात द्यायची तर दुसऱ्यावर भरवसा लागतो. तिनं मला खांद्याखाली हात घालून वर चढवलं. आणि खोटं कशाला सांगू, वरून आमचं शेत फार चांगलं दिसतं. इतकी वर्षं तिथं बसून ही पुरुषमंडळी काय बघत होती ते मला त्या दिवशी कळलं. बघता बघता, ती खाली हँडल फिरवत असतानाच, माझ्या हातून लिव्हर सुटली. इंजिन ठप्प.

"आई," ती खालून म्हणाली, "मी सांगेन तेव्हा सोडायची. मनाला येईल तेव्हा नाही."

माझी सासू गेल्यापासून माझ्याशी त्या आवाजात कोणी बोललं नव्हतं. भाऊजी निखाऱ्यांसकट मागं सरकले. त्यांना वाटलं आता थोरल्यांच्या आधी मीच पेटणार. पण मला काय वाटलं सांगू? मला हायसं वाटलं. ह्या घराला असा एक आवाज लागतोच. माझा हल्ली चिरकतो, आणि हा कोण चालवणार ह्याची मला काळजी होती. मी मुकाट्यानं लिव्हर वर धरली.

तिनं पुन्हा हँडल धरलं, अंगठा बोटांच्या जोडीला. कोट काढून फेकला. पाय रोवले. आधी सावकाश, मग जोरात, मग इतक्या जोरात की तिचा अंबाडा सुटून हँडलाबरोबर फिरायला लागला. तिच्या तोंडातून वाफ येतेय, थोरल्यांच्या तोंडातून काही नाही. तळहाताचे फोड ते इथले, विहीणबाई. मी तिला भांडी घासायला लावून आलेले नाहीत. मग तिनं ओरडून सांगितलं, "सोडा!" मी सोडली. थोरले खोकले. एकदा खोकले, काळा धूर टाकला, गप्प झाले, आणि मग असे काही धडधडायला लागले की माझी कवळी वाजली, पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि नात टाळ्या पिटून "सोडा! सोडा!" म्हणायला लागली. ते तुमच्याकडं सकाळी ऐकू येतं ते हे.

आता जावयांचा अंगठा असा, तेव्हा चालवणार कोण हा प्रश्न कोणी विचारला नाही. तिनं पेटी, नवरा, नात आणि भाऊजी असे सगळे ट्रॉलीत टाकले आणि मला म्हणाली, आई, तुम्हाला उतरवायला वेळ नाही, मडगार्डवर सरका. मी तशीच, पायात सपाता, कमरेला पदर खोचलेला, अशी स्टेशनला निघाले. टेकडीच्या उतारावर मी मडगार्ड दोन्ही हातांनी धरलं. तिनं ब्रेकला पाय लावला नाही. खालचा गिअर टाकून थोरल्यांना एकेक पाऊल मोजल्यासारखं उतरवलं, आणि वळणावर जिथं दूधवाल्याचा टेम्पो पडला होता तिथून जाताना त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. मी बघितलं. दूधवाला रस्त्याकडेला उभा होता, त्यानं टोपी काढली. मी मान हलवली. अशा वेळी मान कशी हलवावी हे मला कोणी शिकवलेलं नाही, पण बरी हलली असावी.

गाडी शिट्टी देत होती. तिनं कोट चढवला, बूट बदलले, नातीला उचललं, आणि डब्यात चढून खिडकीतून मला पहिलं वाक्य काय म्हणाली असेल? आई, थोरल्यांना गोदडी घाला. आमच्या दोघींच्या बोलण्यात एरवीही फारसं गोड काही नसतं, त्यामुळं मी समजून घेतलं. गाडी गेली. मग आम्हीही घरी आलो.

तर फोड, वास आणि ओरडणं ह्या तिन्हींचा खुलासा असा आहे. तुम्ही अशी मुलगी वाढवलीत, ह्याबद्दल तुमच्यावर रागावावं असं माझ्याकडं काही नाही, शोधूनही सापडलं नाही. तिच्या तोंडावर मी हे कधी बोलणार नाही आणि तुम्हीही बोलू नका, माणूस कौतुकानं ढिलं पडतं. ठेवून घ्यायची तेवढी ठेवा. इकडं सगळं ठीक आहे. थोरलेही मजेत आहेत. पायाला जपा, पायरीला पातेलं दाखवू नका.

तुमच्या नातीची इकडची आजी

ता. क. — आम्हीही घरी आलो असं वर लिहिलंय, ते चालत आलो असं वाचावं. थोरले स्टेशनावरच आहेत. तुमच्या मुलीनं गाडीत चढण्याआधी त्यांना बंद केलं. थंडीत एकदा उठलेले थोरले दुपारपर्यंत बंद करायचे नाहीत, हे आमच्याकडं रांगत्या पोरालाही कळतं. पण घर सोडताना दिवा, नळ, शेगडी, सगळं आपल्या हातानं बंद करून निघावं, ही शिकवण तिला कोणाची आहे? (मी मागं एकदा विचारलं होतं, ती म्हणाली होती "माहेरच्या आईची".) गाडी दिसेनाशी झाल्यावर आम्ही रुमाल खाली केले, तेव्हा ऐकू आलं की काहीच ऐकू येत नाहीये. तेव्हापासून ते स्टेशनच्या दाराशी आडवे उभे आहेत. भाऊजी आणि तुमचे जावई रोज किटल्या नि घमेलं घेऊन टेकडी उतरतात आणि संध्याकाळी तोंडं काळी करून चढतात. मी गेले होते, लिव्हर धरायला. पण "सोडा" कोण म्हणणार? तुमचे जावई म्हणतात तेव्हा भाऊजी म्हणतात, अजून नाही. भाऊजी म्हणतात तेव्हा वेळ टळून गेलेली असते. स्टेशनमास्तर आधी नियम दाखवत होते, आता वेटिंग रूममधल्या शेगडीवर आमचं ऑइल तापवून देतात आणि स्वतःचं तिसरं मत मांडतात. बोगीतून उतरलेला प्रत्येक उतारू हँडलाला एकदा हात लावून जातो. सगळ्यांचे अंगठे मिळून एक टोपली भरेल. तेव्हा सांगायचं असं की तुमचं प्लास्टर निघालं की सूनबाईला पाठवून द्या. उन्हं तापेपर्यंत थांबण्यासारखं नाही. माझ्यासाठी म्हणत नाही. थोरल्यांसाठी म्हणते. आणि माझी गोदडीही त्यांच्या अंगावर आहे.

आणखी एक. — पाकीट चिकटवत होते तर अंगणात धडधड ऐकू आली. आज सकाळी ऊन पडलं, आणि थोरले स्टेशनावर पहिल्याच हँडलात उठले, कोणी "सोडा" म्हणण्याच्या आत. भाऊजी ट्रॉलीत उभे राहून हात हलवत आले. गोदडीही आली. त्यामुळं वरच्या ता. क. मध्ये जे कारण दिलंय ते आता उरलेलं नाही. खोडणार होते, पण खोडून दुसरं काय लिहायचं ते सुचेना. तरी तिला पाठवाच. कारण तुम्हीच एखादं चांगलंसं काढा आणि तिला सांगा.